तहानलेल्या बैलाचे पाय कोण हलवतं?

औसा तालुक्यातल्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं तीन प्रश्न विचारलेत. थोडक्यात असे: "हायपोथॅलॅमसमध्ये तहानेचं केंद्र असतं, एवढं पुस्तकात आहे. पण आमचा बैल दुपारी औत सुटलं की कासरा हातात धरायच्या आधीच हौदाकडं निघतो. तहान लागणं आणि पाय उचलणं ही दोन्ही कामं मेंदूतला तोच भाग करतो का? दुसरं, तो चार-पाच मिनिटांत पिऊन तोंड वर काढतो. एवढ्यात पाणी रक्तात पोचलेलं नसणार. मग पुरे झालं हे त्याला कोण सांगतं? तिसरं, हाच बैल कालपासून हौदापाशी जातोय, पाण्यात तोंड घालतोय, पण पीत नाही. हा मेंदूचा बिघाड असेल का?"

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. बैलाच्या तोंडात हात घालू नका, कुणाला घालू देऊ नका आणि आजच्या आज डॉक्टरांना बोलवा. असं का म्हणतोय ते शेवटी येईलच, पण हे काम आधी करा आणि मग पुढचं वाचा.

आता पहिला प्रश्न. मराठवाड्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून मला 28 वर्षं झाली. जनावर पाण्याकडे कसं जातं, हे मी आजही तपासणीच्या आधी उभं राहून बघतो. थर्मामीटर लावण्याआधी मला त्यातून बरंच कळलेलं असतं. तहान आणि चाल या दोन गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात. गोठ्यात त्या वेगळ्या करता येत नाहीत, आणि मेंदूतही त्या पुष्कळशा एकत्रच गुंफलेल्या आहेत. तुम्ही नेमकं तेच हेरलंत.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यांदा गाईची कवटी उघडून मेंदू बाहेर काढला, तो प्रसंग माझ्या बोटांना अजून आठवतो. मेंदू अर्ध्या किलोच्या आतबाहेर. तो पुढून अलगद उचलायचा आणि खालच्या नसा एकेक कापत मागं न्यायचा. दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती फुली दिसते. तिच्या लगेच मागं एक बारीक देठ ताणला जातो आणि तुटतो. देठाखालची पीयूषिका ग्रंथी हाडाच्या खोबणीत तशीच बसून राहते, आणि देठाच्या वर, मेंदूच्या तळाला जो राखाडी भाग दिसतो तो हायपोथॅलॅमस. एवढ्या मोठ्या जनावरात तो चिमटीत मावेल एवढा. अंगातली उष्णता, भूक, तहान, माज, झोप, भीती या सगळ्यांचा हिशेब तिथून चालतो, हे त्या दिवशी खरं वाटेना.

तहानेची पहिली खबर मिळते मिठावरून. बैल उन्हात औत ओढतो, घाम जातो, श्वासावाटे वाफ जाते, आणि रक्तातलं पाणी घटतं पण मीठ मागं राहतं. रक्त जरासं खारट झालं की पेशींच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसतात. सगळ्याच पेशी आक्रसतात, पण मेंदूच्या तळाशी पुढच्या भिंतीत काही चेतापेशी अशा आहेत की आक्रसल्याबरोबर त्या संदेश सोडायला लागतात. इंग्लंडमधल्या व्हर्नी यांनी कुत्र्यांवर काम करून 1947 मध्ये हे मांडलं. रक्ताचा खारटपणा शेकडा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी या पेशी जाग्या होतात. तोंडाला कोरड पडण्याच्या कितीतरी आधी.

या पेशी नेमक्या तिथंच का? रक्तातलं काहीही थेट मेंदूत शिरू नये म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना घट्ट अस्तर असतं. या एक-दोन ठिपक्याएवढ्या जागी ते अस्तर सैल आहे. काटेकोर बोलायचं तर त्या जागा हायपोथॅलॅमसच्या उंबरठ्यावर आहेत, पण काम त्याच्याच घरचं करतात. रक्ताची चव मेंदू तिथं घेतो. तिथून खबर आत जाते आणि एकाच वेळी दोन हुकूम निघतात. एक पीयूषिकेच्या देठातून खाली जातो: व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडा, म्हणजे मूत्रपिंडं पाणी राखतील. लघवी थोडी आणि गडद होते ती यामुळे. दुसरा हुकूम म्हणजे पाणी शोधा. पहिल्या हुकमानं फक्त गळती थांबते, आत नवं पाणी येत नाही. ते आणायचं तर पाय उचलावेच लागतात.

दुसरी खबर रक्ताच्या आकारमानावरून येते. रक्त कमी पडलं, दाब उतरला की मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, आणि ते त्याच सैल अस्तराच्या जागी जाऊन मेंदूला तहान लावतं. एपस्टाइन, फिट्झसायमन्स आणि रोल्स यांनी 1970 मध्ये उंदरांच्या मेंदूत अँजिओटेन्सिन थेट सोडलं, तर पाण्याची गरज नसलेले उंदीरही प्यायला लागले. मात्र ही दुसरी वाट जरा जड आहे. खारटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला की पहिली घंटा वाजते. दुसरी वाजायला रक्ताचं आकारमान आठ-दहा टक्क्यांनी तरी घटावं लागतं.

हा फरक मी शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण त्यावर वासरं जगतात आणि मरतात. हगवण लागलेलं वासरू पाणी घालवतं, पण सोबत मीठही घालवतं. त्यामुळं रक्त फारसं खारट होत नाही. डोळे खोल गेलेत, कातडी चिमटीत धरून सोडली तर तंबूसारखी उभी राहतेय, तरी वासरू पाण्याकडं बघत नाही. मालक म्हणतो, "तहान असती तर प्यालं असतं की!" तिथं गफलत होते. पहिली घंटा वाजलेलीच नाही, आणि दुसरी वाजेपर्यंत वासराच्या पायांत जाण्याइतकं बळ उरलेलं नाही. अशा वेळी तहानेची वाट बघायची नसते. मीठ, साखर, खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी किंवा तयार इलेक्ट्रोलाइट थोडं थोडं, वेळेवर, आपणच पाजायचं. गिळायची शुद्ध नसेल तर पाजायचंही नाही, सरळ सलाईन.

आता पायांकडं येऊ. तहान आणि पाय यांचा संबंध ज्या जनावरावर पहिल्यांदा स्पष्ट दिसला ते जनावर आपल्याकडं घरोघरी आहे: शेळी. स्टॉकहोमचे बेंग्ट अँडरसन यांनी 1950च्या दशकात शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये मिठाच्या द्रावणाचे अगदी सूक्ष्म थेंब सोडले. पोटभर पाणी प्यालेली शेळी मिनिट-दीड मिनिटात उठून पाण्याकडं गेली आणि प्यायला लागली. पुढं त्यांनी आणि मॅककॅन यांनी त्याच जागी बारीक तार बसवून सौम्य वीज दिली. वीज चालू असेपर्यंत शेळी पीत राहायची, बंद झाली की थांबायची. एरवी जे खारट पाणी शेळी हुंगून सोडून देते, तेही ती प्यायली.

मला त्यांचा 1957चा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अँडरसन आणि वांडा विर्विका यांनी शेळ्यांना आधी शिकवलं की पाणी हवं असेल तर अमुक एक हालचाल करावी लागेल. शिकवणूक पक्की झाल्यावर तहान नसताना तीच जागा विजेनं चेतवली. शेळीनं जागच्या जागी जीभ हलवली नाही की ओठ चाटले नाहीत. तिनं शिकलेली ती हालचाल केली, पाणी मिळवलं आणि ते प्यायली. म्हणजे ती जागा पिण्याच्या स्नायूंचं बटण नव्हे. तिथून 'पाणी हवंय' ही ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीसाठी जनावराला जे जे करणं ठाऊक आहे ते ते कामाला लागतं. तुमच्या बैलाला हौद ठाऊक आहे, वाट ठाऊक आहे, औत सुटल्यावर पुढं काय होतं ते ठाऊक आहे. मोटर सुरू झाल्याचा आवाजही ठाऊक असेल. हायपोथॅलॅमस त्याला वाट दाखवत नाही. ती आठवणीत आहे. तो त्या आठवणीला जागं करतो.

आणि पाय प्रत्यक्ष कोण उचलतं? पाऊल एकामागून एक टाकायचा ठेका पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूतच बांधलेला असतो. मान कापलेली कोंबडी थोडा वेळ पळते, पाय मारते, ते त्यामुळं. हा ठेका सुरू करायचा आदेश मात्र वरून येतो. मॉस्कोमध्ये शिक, सेव्हेरिन आणि ऑर्लोव्हस्की यांनी 1966 मध्ये मांजरीच्या मध्यमेंदूत अशी एक जागा दाखवली की तिथं हलकी वीज दिली की मांजर चालू लागतं, वाढवली की पळतं. हायपोथॅलॅमसच्या मागच्या-बाजूच्या भागातून या जागेकडं तारा जातात, आणि तो भाग चेतवला तरी जनावर चालायला लागतं. त्याहून जुनं एक निरीक्षण बोलकं आहे. मेंदूचा वरचा मोठा भाग वेगळा केलेल्या मांजरात हायपोथॅलॅमस खालच्या बाजूला राहू दिला, तर मांजर आपणहून उठून चालतं. काप त्याच्याही खाली घेतला, तर मांजर उभं राहू शकतं, चालवलं तर चालतं, पण आपणहून निघत नाही.

'आपणहून निघणं' हे शब्द लक्षात ठेवा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पाय हलवणं हायपोथॅलॅमसचं काम नाही. पाय हलवावेत असं वाटायला लावणं त्याचं काम आहे.

पुस्तकातल्या 'केंद्र' या शब्दाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. आपल्या बाल कृष्ण आनंद यांनी अमेरिकेत ब्रोबेक यांच्यासोबत 1951 मध्ये दाखवलं की हायपोथॅलॅमसचा बाजूचा भाग दोन्हीकडून नष्ट केला तर उंदीर खाणं सोडतो. हेच आनंद पुढं दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. नंतर टायटेलबॉम आणि एपस्टाइन यांनी 1962 मध्ये अशा उंदरांचा दीर्घ अभ्यास मांडला: खाणं बंद, पाणी बंद, आणि नळीनं जगवलं तर टप्प्याटप्प्यानं थोडी सुधारणा. तेव्हापासून 'इथं भुकेचं केंद्र, इथं तहानेचं केंद्र' असे नकाशे छापले जाऊ लागले. पण हे उंदीर खाणं-पिणं सोडून आणखी काही करत होते. ते एका जागी बसून राहायचे. अंगाला स्पर्श केला तरी मान वळवायचे नाहीत. 1970च्या दशकात उलगडा झाला की या भागातून डोपामीन या संदेश नेणाऱ्या रसायनाच्या तारांचा एक मोठा जुडगा जातो, आणि प्रयोगात तोही तुटत होता. तारा तुटल्या की तहान कळून उपयोग नाही, कारण उठून जायची उमेदच उरत नाही. याच भागात 1998 मध्ये ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी सापडल्या. त्या जनावराला जागं ठेवतात, हालतं ठेवतात. त्यांचा संदेश पोचला नाही तर डॉबरमन जातीचे काही कुत्रे खाण्याच्या आनंदात असतानाच पाय गळून खाली कोसळतात. म्हणून मी केंद्र न म्हणता चौक म्हणतो. तहान, भूक, जाग आणि चाल यांचे रस्ते तिथं एकमेकांना ओलांडतात.

गोठ्यात याचा रोज उपयोग होतो. दावणीला बांधलेल्या जनावराची तहान आपल्याला दिसत नाही, कारण तहान दिसते ती चालीत. आणि त्या जनावराला तर चालूच दिलेलं नाही. बांधलेली गाय शेजारच्या गव्हाणीकडं मान ताणते, दावं ओढते, बादलीचा आवाज आला की कान फिरवते. ही तिची चाल समजा. तापानं फणफणलेलं जनावर याच्या उलट वागतं. अंगात 105 ताप, रक्त खारट होत चाललंय, तरी ते कोपऱ्यात मान टाकून उभं. तापाचे संदेशही हायपोथॅलॅमसमध्येच पोचतात आणि तिथून सगळ्या हालचालीला लगाम बसतो. अशा जनावराला पाणी त्याच्या तोंडाशी न्यायचं. हौद दहा पावलांवर आहे म्हणून ते स्वतः जाईल असं धरून चालायचं नाही.

म्हशीचं मात्र नीट बघा. म्हैस डबक्याकडं धावते ती पुष्कळदा पिण्यासाठी नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, रंग काळा. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात अंगाची उष्णता मोजणाऱ्या पेशी असतात, त्या तिला पाण्यात नेऊन बसवतात. बाहेरून दोन्ही एकच दिसतं, म्हैस पाण्याकडं निघाली. आत मात्र दोन वेगळे हुकूम आहेत. म्हणून डबक्यात बसून आलेली म्हैस पाणी प्यालीच असेल असं समजू नका. तिला वेगळं स्वच्छ पाणी दाखवाच.

दुसरा प्रश्न, पुरे झालं हे कोण सांगतं. मोठं जनावर मिनिटाला 10-15 लिटर सहज ओढतं. ते पाणी पोटातून रक्तात उतरून खारटपणा कमी व्हायला वेळ लागतो, आणि रवंथ करणाऱ्या जनावरात आधी कोठीपोटाचा मोठा साठा भरतो. रक्ताची वाट बघत जनावर पीत राहिलं तर गरजेच्या दुप्पट-तिप्पट पिऊन बसेल. म्हणजे मेंदू वाट बघत नाही, अंदाज बांधतो.

बेलोज यांनी 1939 मध्ये कुत्र्यांवर हे पाहिलं. अन्ननलिकेला बाहेर तोंड करून दिलेलं, त्यामुळं प्यालेलं पाणी पोटात न जाता बाहेर पडायचं. तरीही कुत्रा ठरावीक पाणी पिऊन थांबायचा. थोड्या वेळानं परत प्यायचा, कारण अंदाज खरा ठरलेला नसायचा. नळीनं थेट पोटात पाणी घातलं आणि लगेच भांडं पुढं ठेवलं, तर कुत्रा तरीही प्यायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबून ठेवलं तर नाही. म्हणजे थांबवणारे दोन आहेत: एक घशातला, चटकन सांगणारा आणि तात्पुरता. दुसरा पोटातला आणि रक्तातला, उशिरा सांगणारा पण खात्रीचा.

घशातल्याचं म्हणणं मेंदूत कुठं पोचतं, हे अलीकडं दिसलं. 2015 मध्ये ओका आणि झुकर यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूत, त्याच सैल अस्तराच्या जागी, प्रकाशानं चेतवता येणाऱ्या चेतापेशी तयार केल्या. प्रकाश टाकला की पोटभर प्यालेला उंदीर काही सेकंदांत पाण्याच्या नळीकडं जाऊन प्यायला लागे. शेजारच्या दुसऱ्या पेशींवर टाकला की तहानलेलाही थांबे. 2016 मध्ये नाइट यांच्या गटानं या पेशींची कुजबुज प्रत्यक्ष टिपली. तहानलेला उंदीर प्यायला लागला की मिनिटाभरात त्या शांत होतात, रक्त अजून तितकंच खारट असताना. नुसता थंड धातू चाटला तरी थोड्या शांत होतात. आणि कोरडं खाणं सुरू केलं की रक्त खारट व्हायच्या आधीच जास्त बोलायला लागतात. खाल्लंय म्हणजे पाणी लागणार, हा अंदाजसुद्धा तिथंच बांधला जातो.

हे वाचलं तेव्हा मला लातूर-उदगीरकडच्या देवणी गाई आठवल्या. कडबा टाकला की पाच-दहा मिनिटांत त्या हौदाकडं बघायला लागतात. आपले जुने लोक वैरण टाकल्यावर आणि धार काढल्यावर पाणी दाखवायचे, ते अगदी बरोबर होतं. दुभत्या जनावरानं त्या दोन वेळांना पाणी चुकवलं तर दूध उतरतं. आणि थंड पाण्याचं म्हणाल तर काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. ते जनावर नाक लावून सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं तहान नाही. टाकीवर ओलं गोणपाट आणि वर चार पाचटाच्या पेंढ्या, एवढी सावली पुष्कळ झाली.

हा अंदाज रोजच्या तहानेसाठी घडलेला आहे. दिवसेंदिवस पाणी तोडलेल्या जनावराला तो धोका देतो. ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते 2016 आणि नंतरचं 2019, या दोन्ही दुष्काळांत मी चारा छावण्यांवर काम केलं. एका छावणीत टँकर दोन दिवस आला नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला आणि हौद भरला. पाच-सहा महिन्यांची वासरं सोडल्याबरोबर तुटून पडली. मालकांना वाटलं, पिऊ दे बिचाऱ्यांना. मी पोचलो तेव्हा एका वासरानं माझ्यासमोर मुतलं, काळ्या चहासारखं. दुसरं मान वाकडी करून गोल फिरत होतं. गोचीड ताप असेल म्हणून लोकांनी सुई मारून ठेवली होती. मी रक्ताची काच तपासली, त्यात गोचीड तापाचे जंतू नव्हते. एकदम आलेल्या पाण्यानं रक्त पातळ झालं, तांबड्या पेशी फुगून फुटल्या, त्यांचा रंग लघवीत उतरला. मेंदूचंही तसंच. दोन-तीन दिवस खारट रक्तात राहिलेल्या मेंदूच्या पेशी आक्रसू नयेत म्हणून आपल्या आत विरघळलेले पदार्थ साठवतात. मग पाणी एकदम आलं की तेच पदार्थ पाणी आत ओढतात आणि मेंदू सुजतो. तीन वासरांपैकी एक गेलं. त्याची मालकीण, एक म्हातारी, हौदाच्या कडेला बसून मला विचारत होती, "डॉक्टर, पाण्यानं कसं मेलं हो?" मी तिला सगळं सांगितलं, पण त्या वेळी तिला ते ऐकायचं नव्हतं.

म्हणून पाणी तुटलेल्या जनावरांना हौद एकदम मोकळा करू नका. बादलीनं, थोडं थोडं, मध्ये वेळ सोडून पाजा. पाण्याअभावी मिठाची विषबाधा झाल्याची लक्षणं दिसत असतील, म्हणजे डोळ्यांना न दिसणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, झटके, खूर मुडपणं, तर वजनाच्या अर्धा टक्का पाणी तासाला, एवढंच. 400 किलोच्या बैलाला म्हणजे 2 लिटर. आणि डॉक्टर येईपर्यंत त्याहून जास्त नाही. पाणी टंचाईच्या दिवसांत मिठाची वीट आणि मिठाचं खाद्यही आवरा.

वेळेचं एक राहिलं. तुमचा बैल त्याच वेळेला निघतो, ढग असले तरी. डोळ्यांच्या नसांच्या फुलीच्या वर हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं घड्याळ आहे, आणि त्या घड्याळातून तहानेच्या पेशींकडं थेट तार जाते. झोपेच्या आधी उंदीर गरज नसताना पाणी पितात ते याच तारेमुळं, हे 2016 मध्ये दिसलं. पाण्याची वेळ रोज बदलू नका. भीतीही याच भागातून जाते. दांडगी गाय हौदावर उभी असेल तर गरीब कालवड तहानेनं व्याकूळ असूनही पुढं जात नाही. दहा जनावरांना एक हौद असेल तर दुसरा छोटा कुठंतरी लांब ठेवा.

आता तुमचा बैल. तुम्ही लिहिलंत की तो हौदापाशी जातो आणि पाण्यात तोंड घालतो. म्हणजे त्याला तहान कळतेय, ओढ आहे, पाय चालतायत, वाट आठवतेय. हायपोथॅलॅमसकडून जे व्हायला हवं ते सगळं होतंय. अडलंय ते त्याच्या पुढं, तोंडात, घशात किंवा गिळण्याच्या नसांत. लाळ्या-खुरकुतात जिभेला फोड आले असतील. त्यात तो लंगडेलही, खुरांच्या बेचक्यात बघा. बाभळीचा काटा जिभेखाली असेल. सध्या आंब्याचे दिवस आहेत, कोय घशात अडकली असेल. त्यात पाणी नाकातून परत येतं आणि पोट फुगतं. हे सगळं बरं होणारं आहे.

पण एक बरं न होणारं आहे, रेबीज, आणि त्याची सुरुवात अगदी अशीच दिसते. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या जनावरात घशाचे स्नायू लुळे पडतात. माणसाला या रोगात पाण्याची भीती वाटते. गाई-बैलांत ती बहुतेक दिसत नाही. ते पाण्याकडं जातात, तोंड घालतात, आणि गिळता येत नाही. लाळ गळते, खालचा जबडा सैल वाटतो, हंबरडा घोगरा होतो, मागचे पाय डगमगतात. घरातल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय, आणि तो बाही सरसावून हात घालतो. माझ्या ओळखीच्या दोन घरांत असं झालं. दोघांनाही लस वेळेत मिळाली म्हणून ते वाचले.

तेव्हा बैलाला वेगळा बांधा, लांबूनच बघा, आणि डॉक्टर आले की हे सांगा: गेल्या दोन-तीन महिन्यांत गावात कुत्रं पिसाळलं होतं का, बैलाच्या नाकावर किंवा पायावर कुठं जुना चावा आहे का, पाणी नाकातून परत येतं का, आवाज बदलला का. कुणाच्या हाताला त्याची लाळ लागली असेल आणि हातावर खरचटलेलं असेल, तर तो हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्या माणसाला आजच सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.